कायदा गावापर्यंत कसा पोचतो?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



“आमदाराचे काम काय?” असे मी एकदा नववीच्या वर्गात विचारले. एक मुलगा उठून म्हणाला, “सर, उद्घाटन करणे आणि लग्नाला येणे.” वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी जाताना वाटले, चूक मुलाची नाही. कायदा करणाऱ्याचे खरे काम आपण त्याला कधी समजावून सांगितलेच नाही.

वि. स. पागे यांचे उदाहरण घ्या. १९६० ते १९७८ पर्यंत ते आपल्या विधान परिषदेचे सभापती होते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील शेतकरी खडी फोडायला गेला. आपला जालना जिल्हा तेव्हा झालेलाही नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. ‘मागेल त्याला काम’ हा विचार पागेसाहेबांनी लावून धरला. आधी ती योजना होती, आणि योजना म्हणजे सरकारची मर्जी. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि काम हा हक्क ठरला. पुढे २००५ साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. मेहेरबानीचा हक्क करणे, हे कायदा करणाऱ्याचे काम. पण त्या कायद्यातले शब्द विसरू नका: ‘मागेल त्याला’. मागणे हे आपले काम.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचेही तसेच आहे. अधिसूचित दाखले ठरलेल्या मुदतीत मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु आपण अर्जाची पोचच घेतली नाही, तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजणार?

आता रस्त्याची गोष्ट सांगतो. माझ्या वर्गातला पंधरा वर्षांचा एक मुलगा धाकट्या बहिणीला मागे बसवून मोटारसायकलवर शाळेत येई. पावसाळ्यात नाल्यावरचा पूल खचला होता आणि गावाची बस बंद झाली होती. एके सकाळी सळईच्या ट्रकला वाट देताना गाडी घसरली. मुलाचा पाय मोडला. बहीण अल्लाच्या कृपेने वाचली. मी त्याच्या वडिलांना बोल लावला. ते शांतपणे म्हणाले, “सर, बस नाही. मग पोरीला घरी बसवू का?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पालकहो, मोटार वाहन कायद्यातील २०१९ ची दुरुस्ती लक्षात ठेवा. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला वा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. याच दुरुस्तीने अपघातग्रस्ताला निःस्वार्थ मदत करणाऱ्यास संरक्षणही दिले आहे. तेव्हा जखमी दिसला तर भिऊन पुढे जाऊ नका.

कायदा कठोर आहे, पण योग्य आहे. मात्र तो पाळायचा तर बस हवी, बसला पूल हवा, आणि पुलासाठी कोणीतरी मागणी केली पाहिजे. त्या गावातील तरुणांनी ती केली. ग्रामसभेची गणसंख्या भरावी म्हणून ते घरोघर फिरले. ठराव झाला, त्याच्या प्रती कार्यालयात आणि आमदारांकडे गेल्या. तोंडी गेले की आश्वासन मिळते; ठराव घेऊन गेले की आमदाराला सभागृहात प्रश्न विचारायला आधार मिळतो. पूल व्हायला दीड वर्ष लागले. सकाळची बस सुरू झाली आहे, संध्याकाळची अजून नाही. ती मुलगी परतताना मैत्रिणींबरोबर चालत येते. म्हणजे ठराव अजून संपलेला नाही.

विद्यार्थी मित्रहो, २८ मार्च १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले. तो विश्वास संसदेने तुमच्यावर टाकला आहे. आता सतरा वर्षे पूर्ण होताच मतदारयादीसाठी आगाऊ अर्ज करता येतो. यादीत नाव आले की तुम्ही ग्रामसभेचे सभासद होता, आणि ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरवावीच लागते. पैकी किती सभांना आपल्या मोहल्ल्यातील तरुण हजर असतात, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणे हा सदका आहे, हे आपण मकतबात लहानपणीच शिकलो. खचलेला पूल हाही रस्त्यातला दगडच. तो एकट्याच्या हाताने हलत नाही. त्याला अर्ज, ठराव आणि मत लागते. ज्याला ते लिहिता येते, त्याचे शिक्षण सार्थकी लागले असे मी समजेन.

 जयहिंद, जय महाराष्ट्र.