चौदावा रोलर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता करणारा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं. यंत्रांशी माझी ओळख सायकलची चेन बसवण्यापुरती. पण घर रत्नागिरीच्या राजिवड्यातलं, भाट्याच्या खाडीकाठचं. धाकटा भाऊ होडी घेऊन मासेमारीला जातो. त्या होडीचं मशीन मोडलं आणि पुन्हा उभं राहिलं, त्याची ही हकिगत आहे. २०१८ सालची.

मशीन म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लटकवतात ते, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. ऑगस्टात समुद्र उघडला. आठ-दहा दिवस ते बरं चाललं. मग एका पहाटे खाडीच्या तोंडाबाहेर आतून खडखड झाली आणि ते जागच्या जागी जाम झालं. होडीत भाऊ आणि त्याचा सतरा वर्षांचा मुलगा. ओहोटी लागलेली. दोघं वल्ही मारत होते आणि होडी बाहेरच ओढली जात होती. तीन-साडेतीन तासांनी दुसऱ्या होडीनं दोर टाकून त्यांना आणलं.

भाऊ किनाऱ्याला उतरला तो मुलावर ओरडतच. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम मुलाचं. "तेल कमी घातलंस म्हणून जळलं," हा त्याचा निकाल. मुलगा एक शब्द बोलला नाही. चार दिवस तो बंदरावर फिरकलाही नाही.

भावाला तसं का वाटलं, ते सांगतो. चारचाकीच्या इंजिनाला पोटात तेलाची वेगळी टाकी असते. टू-स्ट्रोकला ती नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. आमच्या मशीनला पन्नास लिटरला एक लिटर. हवा, पेट्रोल आणि तेल यांचं हे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत शिरतं, तिथली बेअरिंगं भिजवतं आणि मग वर सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. तेल चुकलं की पहिला मार बेअरिंगला.

आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्रीचाचा सत्तरीचे. त्यांनी मशीन उघडलं. वरचं चाक पुलर लावून काढलं, हातोडीला हात लावला नाही. हेड निघालं तेव्हा पिस्टनचा माथा खडे मारल्यासारखा टोचलेला दिसला. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग फुटलं होतं. त्यात सुईसारखे बारीक पोलादी रोलर असतात आणि ते एका पिंजऱ्यात बसवलेले असतात. पिंजऱ्याचे तुकडे झाले होते.

मी म्हटलं, "चाचा, नवीन बेअरिंग घालू, झालं."

ते म्हणाले, "झालं कसं? मोडलेलं कुठं कुठं गेलं ते नको बघायला?"

ज्या वाटेनं मिश्रण जातं त्याच वाटेनं तुकडेही जातात. एखादा आत राहिला तर पहिल्याच फेरीत नव्या बेअरिंगमध्ये शिरणार. त्यांनी थाळीत पांढरं फडकं पसरलं आणि एकेक रोलर मांडत गेले. अर्धे तुकडे जोडीनं ठेवले. पूर्ण संख्या चौदा. मिळाले अकरा.

मग त्यांनी एक रोलर भिंगाखाली धरून मला दाखवला. "हे तेल कमी पडल्याचं नाही. तेल नसतं तर तापून निळा-काळा पडला असता. ह्याला खड्डे आहेत, बघ. गंजाचे. हे पाणी आहे. खारं पाणी."

माझ्या पोटात गोळा आला. कारण ते पाणी माझं होतं.

मे महिन्याच्या शेवटी होडी वर ओढताना लाट आली, होडी कलंडली आणि मशीन पाण्यात बुडालं. भाऊ तापानं अंथरुणात होता. त्यानं मला बजावलं होतं: गोड्या पाण्यानं धू, प्लग काढून पाणी निपटून टाक, मशीन चालव, मग आत तेल सोडून हातानं चार फेरे दे. मी पाणी काढलं, मशीन दोन मिनिटं चालवलं. चाललं. संध्याकाळी मला कविसंमेलनाला जायचं होतं. तेल उद्या घालू म्हटलं. तो उद्या आला नाही. अख्खा पावसाळा ते मशीन आतून खारं पाणी धरून पडवीत उभं राहिलं.

मी लगेच कबूल झालो नाही, हेही सांगायला हवं. आधी बाकीचे रोलर शोधायच्या नादाला लागलो. बारावा हेडच्या धातूत रुतलेला मिळाला. तेरावा सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेच्या कोपऱ्यात. चौदावा मिळेना. रॉकेलनं पेटी तीनदा धुतली, पंपानं भोकाभोकात हवा मारली. चाचा पेटी बंद करायला तयार नव्हते.

दरम्यान क्रँक गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन, मी एस.टी.नं आंबा घाटातून कोल्हापूरला गेलो. आमच्या मशीनचा क्रँक दाबून जोडलेला. प्रेसवर तो वेगळा करायचा, नवी पिन, नवा रॉड, नवं बेअरिंग घालून पुन्हा दाबायचा आणि डायल लावून फिरवत सरळ करायचा. चूक मिलिमीटरच्या काही शंभरांशांहून जास्त चालत नाही. तिथंच ओरखडलेला सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा करून घेतला. पिस्टन आधी आणायचा आणि त्याच्या मापानं बोअर करायचा, हा क्रम मला तिथं कळला.

क्रँकच्या टोकांची बेअरिंगंही बदलली. बेअरिंगवरच्या आकड्याची एक गंमत सांगतो. ६२०६ असेल तर शेवटच्या ०६ला पाचानं गुणायचं. भोक तीस मिलिमीटर. पण आकड्यापुढं 'सी ३' अशी खूण असेल तर आत थोडी जास्त मोकळीक असते, तापून फुगायला. मी खुणेविना आणलं. चाचांनी परत पाठवलं. "थंड असताना सगळं बरोबरच वाटतं," म्हणाले.

चौदावा रोलर अखेर पुतण्यानं शोधला. मीच त्याला बोलावून आणलं होतं. पेटीच्या तोंडाशी मिश्रण आत घेणाऱ्या पातळ पात्या असतात. त्यांच्या मागच्या खाचेत त्यानं दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक सोडलं. पेटी ॲल्युमिनियमची, तिला चुंबक धरत नाही. पोलादाला धरतं. बारीकसा टक् आवाज आला. त्यानं रोलर फडक्यावर ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. चौदा.

त्या थाळीसमोर भावाला मी सांगितलं. तेल पोरानं बरोबर घातलं होतं, मशीन मी मारलं. भाऊ बराच वेळ थाळीकडे बघत राहिला. मग मुलाला म्हणाला, "पाना दे."

पेटीचे दोन भाग जोडताना मध्ये गॅस्केट नव्हतं, नुसता सीलंटचा पातळ थर. हवा गळली तर मशीन तापतं. बोल्ट मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत आवळले. पाण्याच्या पिंपात मशीन उभं केलं. सहाव्या खेचीला ते धुरासकट बोललं आणि बाजूच्या भोकातून थंडाव्याच्या पाण्याची धार सुरू झाली. पहिले दहा तास तेल दुप्पट आणि वेग अर्धा. ते दहा तास होडीत मुलगाच बसला.

आता मे संपला की भाऊ मला काही सांगत नाही. तेलाचा डबा आणून माझ्या लिहिण्याच्या टेबलावर, वहीच्या बाजूला ठेवतो. मी आधी मशीनकडे जातो.