घाटात ट्रक का दमतो?

वाईहून खताची पोती भरून ट्रक पसरणी घाटाने महाबळेश्वरकडे निघाला, की त्याची ओढ कमी होते. चढ तर आहेच, पण वर हवाही विरळ. सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा जवळजवळ १५ टक्के कमी असतो.

टर्बो हीच हवा दाबून इंजिनात भरतो, म्हणून टर्बोची गाडी कमी दमते. मात्र काट्यावर दाब तेवढाच दिसला तरी फसू नका! बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त, एवढंच तो काटा सांगतो. बाहेरचीच हवा पातळ झाली, त्याचं काय?

जुन्या गाडीने काळा धूर सोडला, तर पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवू नका. कमी पडते ती हवा. एअर फिल्टर साफ करा, टर्बोच्या नळीच्या क्लिपा आवळा, खालचा गिअर टाका. वर पोचल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटं तसंच चालू ठेवा. तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहतं.