संबळ, तुणतुणे आणि आपला कुळाचार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात चांदवड येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस वाद्यांविषयी चार शब्द बोलावयास सांगितले आहे. आम्ही गवई नव्हे, वादकही नव्हे. जन्म खडू-फळ्यात गेला. परंतु ज्या गावाच्या डोंगरकुशीत रेणुकामाता बसली आहे, त्या गावात राहून गोंधळ ऐकला नाही असा मनुष्य विरळाच. तेव्हा सतार, वीणा जाणकारांवर सोपवून आपल्या घरच्या कुळाचारातील वाद्यांपुरतेच बोलण्याचा आमचा विचार आहे.

आपल्या शास्त्रकारांनी वाद्यांचे चार वर्ग केले. तारेचे ते तत, फुंकीचे ते सुषिर, कातड्याने मढविलेले ते अवनद्ध आणि टाळ-झांजेसारखे ते घन. भरताच्या नाट्यशास्त्रातील ही विभागणी पुढे तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने आपल्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात मांडली. हा ग्रंथकार देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरचा, म्हणजे आपल्याच मुलखातला. गोंधळ्याच्या संचाकडे या दृष्टीने पाहिले तर मौज दिसते. तुणतुणे हे तत, संबळ अवनद्ध, झांज घन. सुषिर तेवढे बहुधा नसते. ती उणीव गोंधळ्याचा गळाच भरून काढतो!

तुणतुण्याची आपण फार हेटाळणी करतो. कोणी एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगू लागला की ‘तेच तुणतुणे’ म्हणून मोकळे होतो. एक पोकळ लाकडी नळकांडे, बुडाशी कातडे, कातड्याच्या मध्यातून निघून बाजूच्या काठीवरील खुंटीला ताणलेली एकच तार, एवढाच त्याचा संसार. पण तेच ते वाजणे हाच त्याचा गुण आहे. रात्रभर गाणाऱ्याचा स्वर ढळू नये म्हणून एक स्वर अखंड धरून ठेवणारा कोणी तरी लागतो. मैफलीत ते काम तंबोरा करतो, गोंधळात तुणतुणे. शिवाय ते लयीवर छेडले जात असल्याने एका तारेत स्वरही सांभाळला जातो आणि लयही.

संबळ म्हणजे एकमेकांस जखडलेली दोन वाद्ये. एक लहान, चढ्या आवाजाचे, दुसरे मोठे, घुमणारे. कमरेला बांधून दोन काड्यांनी ते वाजवितात, आणि त्यांतील एका काडीचे टोक वाकविलेले असते. चौक भरला, कलश मांडला, दिवटी पाजळली की संबळ कडाडते आणि आळीतली माणसे उठून येतात. मग तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, आपली शेजारीण सप्तशृंगी, सर्वांना गोंधळाला येण्याचे आवाहन होते. येथवर संबळ पुढे आणि शब्द मागे. आख्यान लागले की उलट होते. संबळ मंद होऊन नुसता ठेका राखते. कथेत लढाई आली की पुन्हा उसळते. आई लेकराला शोधू लागली की जवळजवळ गप्प होते. कोणत्या शब्दाला उसळावे आणि कोणत्या शब्दाला थांबावे, हे वादक गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवीत असतो. १८९१ साली ॲकवर्थ व शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाडे छापून काढले. त्यांतले पुष्कळसे तोवर गोंधळ्यांच्या मुखी राहिलेले होते, आणि त्या मुखाला आधार होता तो या दोनतीन वाद्यांचा.

आता लग्नात ऑक्टोपॅडमधूनही संबळाचा आवाज काढतात. आवाज हुबेहूब असतो, हे आम्ही मान्य करतो. वरातीत तरुणांनी त्यावर नाचावे, आमची ना नाही. मात्र त्यावर गोंधळ उरकू नये. आधीच ठरविलेला ठेका आईच्या शोकालाही तसाच वाजतो आणि लढाईलाही तसाच.

याहून कठीण गोष्ट बोलावयाची आहे. काही थोरांस ती रुचणार नाही. मागे एका घरी लग्नानंतरचा गोंधळ होता. यजमान सुशिक्षित, सुखवस्तू. शेजारी ध्वनिक्षेपक चालूच होता. गोंधळ्यांना सांगण्यात आले, “अर्ध्या तासात आटपा.” त्यांनी आवाहन केले, आरती केली, आख्यान गाळले. पंक्ती उठल्यावर मागील दारी त्यांची पाने मांडली. वाकड्या काडीने संबळ वाजविणारे ते गृहस्थ वयाने आमच्याहून मोठे होते! हलगीवाल्याची कथा तर याहून वाईट. वरात त्याच्यावाचून हलत नाही, पण मांडवाच्या आत त्याला कोणी बसा म्हणत नाही. कातडे मढविलेले वाद्य देवीपुढे चालते, मग ते वाजविणारा मनुष्य ओट्याखाली का? आपल्या ज्ञातीने शाळा, वसतिगृहे, विधवांचे प्रश्न यांवर ठराव केले, ते योग्यच झाले. या प्रश्नावर मात्र आपण मौन धरले आहे. अशा वागणुकीनंतर गोंधळ्याचा मुलगा संबळ खुंटीला टांगून कारखान्यात गेला, तर त्याला नावे ठेवण्याचा आपणांस अधिकार नाही.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. सामुदायिक विवाहात गोंधळासाठी निदान दोन तास राखून ठेवावेत आणि तेवढा वेळ ध्वनिक्षेपक पूर्ण बंद असावा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावण्यास २००० सालच्या नियमांनी मनाई आहेच, तेव्हा दहापूर्वीचे दोन तास सोडणे जड जाऊ नये. दुसरे, वादकांची पाने वऱ्हाडाच्या पहिल्या पंक्तीत मांडावीत. तिसरे, बिदागी आधी बोलून ठरवावी आणि आरती होताच हातात द्यावी. पहाटेपर्यंत कोणाच्या मागे हिंडावयास लावू नये.

लग्नसराईत एकाच तिथीला गोंधळ्यांना दोन-दोन, तीन-तीन बोलावणी असतात. ज्यांच्या घरी येत्या वर्षी कार्य आहे, त्यांनी तिथी ठरताच ती मंडळाच्या चिटणिसांकडे कळवावी. गोंधळ्यांना सुपारी देण्यास आम्ही स्वतः जाऊ.