परसदारचे गवत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. पण श्रावणात मी परसदारी यंत्राने गवत कापीत असता तुमच्यापैकी कितीतरी जणींनी कुंपणापलीकडून विचारले, "हे काय गं नवीन?" प्रत्येकीला निराळे सांगण्यापेक्षा आज सर्वांना एकदाच सांगते.

आपल्या एकलहऱ्यात पाऊस लागला की पंधरा दिवसांत गवत घोट्याला येते आणि महिन्याने गुडघ्याला. दोन वर्षांपूर्वी सासूबाई तिन्हीसांजेला मागच्या न्हाणीकडे निघाल्या होत्या. गवतातून कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार आला, म्हणून त्यांनी पाऊल मागे घेतले. वाटेवर घोणस होती. घरातले पुरुष कामावर, मजूर शोधून मिळेना. त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या दाराची वाट आपणच मोकळी ठेवायची, असे मी ठरविले.

विळ्याने कापायचे तर जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालावा लागतो. पेट्रोलचे यंत्र जड, त्यात तेल मिसळा, दोरी ओढा आणि वर धूर खा. वायरचे यंत्र ओल्या गवतात नको. चुकून वायरच कापली गेली तर काय घ्या! विजेचा धाक एकलहऱ्याच्या बाईला शिकवावा लागत नाही. १९७९ ते १९८१ या काळात आपल्या केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. त्यांच्या चिमण्या बघतच आपण संसार केले. तीच वीज आता मुठीएवढ्या बॅटरीत भरून परसदारी नेता येते, म्हणून मी बॅटरीचे यंत्र घेतले.

माझ्या यंत्राला पाते नाही. एक चकती, तिला नायलॉनचा तंगूस, मासे धरतात तसला. चकती मिनिटाला हजारो फेरे घेते, तंगूस ताठ होतो आणि चाबकासारखा गवताला लागतो. कापते ते टोक. म्हणून यंत्र गवतात खुपसू नये, कडेकडेने न्यावे. एकदा भरलेली बॅटरी माझ्याकडे वीस-पंचवीस मिनिटे चालते. तेवढ्यात वाट आणि कुंपणाची कड होते, आणि कंबरही तेवढेच सोसते.

ही युक्ती अमेरिकेत ह्यूस्टन शहरी जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली सुचली. मोटार धुण्याच्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून त्यांनी एका पत्र्याच्या डब्याला मासेमारीचा तंगूस लावला. हेतू असा, की झाडाभोवतीचे गवत जावे, पण सालीला इजा होऊ नये.

आणि मी काय केले, ऐका. लिंबाच्या बुंध्याशी गवत राहू नये म्हणून तंगूस अगदी चिकटवून फिरविला. तीन वर्षांचे कोवळे झाड. चहूबाजूंनी साल सोलून निघाली. पानांनी केलेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. ती वाट तुटली आणि दिवाळीपर्यंत लिंबू वाळून गेले. तेव्हापासून प्रत्येक झाडाभोवती हातभर जागा मी खुरप्याने साफ करते.

दुसरी चूक गाजरगवताची. १९५५ साली पुण्यात प्रथम दृष्टीस पडलेले हे गवत आज कुठे नाही? ते मी यंत्राने उडविले. चीक हातांवर उडाला आणि आठ दिवस अंग खाजत राहिले. शिवाय बुडख्यातून ते पुन्हा फुटले. बायांनो, गाजरगवत कापू नका. पावसाने जमीन भिजली की, फुले येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटा. एकेक झाड हजारो बिया टाकते.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा. आधी काठीने गवत झोडपा आणि जनावराला जायला वेळ द्या. डोळ्यांना चष्मा आणि पायात बूट हवेतच, कारण खडा गोळीसारखा उडतो. मुलांना लांब ठेवा. साडी नेसून हे काम करू नये. मी आमच्या ह्यांची जुनी पँट घालते. सासूबाई पहिल्या दिवशी पोट धरून हसल्या, आता त्याच पँट दोरीवरून काढून देतात. चकतीला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढा. ती भिजू देऊ नका, उन्हात टाकू नका, आणि फुगलेली दिसली तर पुन्हा चार्जिंगला लावू नका.

शेवटी मनात रुतलेली एक गोष्ट सांगते. आमच्याकडे दरवर्षी एक मावशी विळा घेऊन येत. गवत शेळ्यांना नेत आणि मजुरीही घेत. मी यंत्र घेतले त्या साली त्या फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, आता आमचं काय काम?" मला उत्तर सुचले नाही. यंत्राने गवताचा चुरा होतो, त्यात माती मिसळते. शेळी त्याला तोंड लावीत नाही. माझी वाट मोकळी झाली आणि त्यांच्या शेळ्यांचा चारा गेला.

पुढच्या पावसात मी मागची अर्धी जागा त्यांच्या विळ्यासाठी राखली. यंत्र फक्त वाटेला, कुंपणाला आणि गटाराच्या कडेला. यंदा त्यांना यंत्रही चालवायला शिकविले. पहिल्यांदा हात थरथरले, दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच बाजूला सारले! त्या यंत्राने त्यांनी दोन घरांची आवारे साफ केली. मजुरी त्यांची, चार्जिंग माझे.

आपल्यात काही घरी म्हाताऱ्या भगिनी एकट्या राहतात. न्हाणीपर्यंतची त्यांची वाट पावसाळाभर कोणी कापावी? माझे यंत्र मंडळासाठी केव्हाही हजर आहे. दोघी-तिघी शिकायला आल्या तर दर रविवारी पाळीने दोन घरे सहज होतील. नावे आजच द्या.

काही चुकले असल्यास क्षमा करा. एवढे बोलून मी खाली बसते.