ग्रंथपालबाईंच्या ओळखी

(१९९२ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण)



हजेरीला 'हजर' म्हणताना जिचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे कधी गेला नाही, तिला आज तुम्ही माईकसमोर उभं केलंय. समितीचं म्हणणं असं, की आपल्या तुकडीतल्या पत्ता नसलेल्या ४१ जणांपैकी २६ जण हिने शोधून काढले, तेव्हा 'नेटवर्किंग' या विषयावर हिनेच बोलावं. माणसं शोधणं आणि पुस्तकं शोधणं यात फारसा फरक नाही, ते मला जमतं. पण नेटवर्किंग म्हटलं की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून मी उपदेश करणार नाही. मी ते किती वर्षं टाळलं आणि त्याची किंमत काय पडली, एवढंच सांगते. ती किंमत ज्यांनी मोजली ते आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांच्याकडे नंतर येते.

आपण मार्चमध्ये पेपर दिले आणि मे १९९२ मध्ये वाशीला लोकल आली. तोवर मुंबई म्हणजे खाडीपूल आणि बसची रांग. त्या गाडीने मी पुढे कॉलेजला गेले, बी.ए. झाले. मला शिक्षिका व्हायचं होतं, पण बी.एड.ला प्रवेश मिळाला नाही. मावशी म्हणाली, "लायब्ररीचा कोर्स कर, तिथे कुणाशी बोलावं लागत नाही." एवढ्या एका वाक्यावर मी ग्रंथपाल झाले! मावशी आयुष्यात कधी लायब्ररीत गेली नव्हती हे माझ्या नंतर लक्षात आलं.

कोर्सला मात्र एक दिलासा मिळाला. आमच्या विषयाचे आद्यगुरू डॉ. रंगनाथन. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्ट, तो आम्ही ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. हे गृहस्थ मद्रासला गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ मध्ये त्यांना विद्यापीठाचे ग्रंथपाल केलं. थोड्याच दिवसांत ते इतके कंटाळले, की मला परत शिकवायला पाठवा म्हणून मागे लागले. आधी लंडनला जाऊन तिथली ग्रंथालयं बघून या, मग बोलू, असं त्यांना सांगण्यात आलं. ते गेले आणि कायमचे आमचे झाले. चला, म्हटलं, मन नसताना या कामाला लागलेली मी एकटीच नाही. पण या गोष्टीतला दुसरा अर्धा भाग मी सोयीस्करपणे विसरले. रंगनाथन सुधारले ते खोलीत बसून नव्हे, तर दुसऱ्यांची ग्रंथालयं पायाखाली घालून. परत आल्यावर १९२८ मध्ये त्यांनी मद्रासमध्ये ग्रंथालयांचा संघ उभा करण्यात पुढाकार घेतला.

मी १९९९ मध्ये नेरूळच्या एका महाविद्यालयात रुजू झाले. तळमजल्यावर लायब्ररी, खिडकीशी माझं टेबल. परिषदेची पत्रकं यायची, मी ती फाइलला लावायची. "वाचनकक्ष कोण सांभाळणार?" हे माझं ठरलेलं उत्तर. प्राचार्यांना वाटे, बाई किती कर्तव्यदक्ष! खरं कारण असं, की चहाच्या वेळी दीडशे अनोळखी माणसांत कप हातात धरून उभं राहायचं मला भय वाटे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. शंभर वर्षं पुस्तकं सांभाळलेली घरं गाडीने तासाभरावर, आणि मी दार लावून बसलेली.

२००३ मध्ये आपले मराठीचे सर निवृत्त झाले. त्यांनी आपला सगळा संग्रह, ३०८ पुस्तकं, मला दिला. शाळेला नाही, मोठ्या ग्रंथालयाला नाही, माझ्या लायब्ररीला. म्हणाले, "तू नीट ठेवशील." त्यात दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सातही खंड होते, आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या समासात सरांच्या बारीक पेन्सिलीच्या नोंदी. आपल्याला वर्गात जे सांगितलं ते आणि जे सांगितलं नाही तेही.

२६ जुलै २००५ तुम्हा सगळ्यांना आठवत असेलच. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि इकडे आमच्या तळमजल्यात गुडघ्याच्या वर पाणी चढलं. सरांचं कपाट खिडकीशी होतं, माझ्या टेबलाजवळ, मला ते डोळ्यांसमोर हवं होतं म्हणून. २८ तारखेला आम्ही आत गेलो. पुस्तकं भिजून दुप्पट जाड झाली होती. फोन करायचा तर कुणाला? डायरीत फक्त पुस्तकविक्रेते आणि बाइंडर. मग मला सुचलं ते मी केलं. गठ्ठे सुतळीने बांधले, वरच्या मजल्यावर एका खोलीत रचले आणि पाऊस होता म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतल्या. आठव्या दिवशी दार उघडलं तर काळी-हिरवी बुरशी. वासाने शिपाईकाका मागे सरले. ती पुस्तकं टेम्पोत भरून टाकून द्यावी लागली.

सरांना मी पत्र लिहिलं : "आपला संग्रह पुरात गेला." सरांचं उलट पोस्टकार्ड आलं, "वाईट वाटून घेऊ नकोस."

२००७ मध्ये पदोन्नतीसाठी लागतं म्हणून मला एका कार्यशाळेला जावंच लागलं. तिथे जुन्या कागदांची निगा राखणाऱ्या एक बाई बोलत होत्या. नोव्हेंबर १९६६ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नदीचा पूर शिरला, तेव्हा देशोदेशींची माणसं चिखलातून पुस्तकं काढायला धावली. भिजलेल्या पुस्तकांचं काय करायचं याचं बरंचसं ज्ञान त्या अनुभवातून आलं. ओल्या कागदावर दोनेक दिवसांत बुरशी धरू लागते. थोडी पुस्तकं असतील तर पानांत टिपकागद घालायचे, ते बदलत राहायचे, खेळती हवा ठेवायची. जास्त असतील तर सरळ गोठवून टाकायची. गोठली की बुरशी थांबते. मग सवडीने थोडी थोडी बाहेर काढून वाळवता येतात. त्या बाई सहज म्हणाल्या, "तुमच्या जवळपास शीतगृह असेल तर फारच सोपं."

तुर्भे आमच्या कॉलेजपासून रिक्षाने वीस मिनिटं. तिथे आणि तळोजाकडे शीतगृहं आहेत, परदेशी जाणारी मासळी गोठवून ठेवतात. मी ज्या खोलीत पुस्तकं कोंडली, तिच्यापासून वीस मिनिटांवर! एका ओळखीच्या ग्रंथपालाला एक फोन केला असता, तर हे मला त्याच दिवशी कळलं असतं. सगळी वाचली असती असं नाही म्हणत, पण बरीच वाचली असती.

सर, 'पुरात गेला' हे मी खरं लिहिलं होतं, पण पुरतं नव्हतं. पुरातून आलेला संग्रह माझ्या हातून गेला. हे तुम्हाला सांगायला मला वीस वर्षं लागली.

त्या कार्यशाळेत चहाच्या वेळी मी पहिल्यांदा आपणहून एका माणसाजवळ गेले आणि विचारलं, "तुमच्याकडे पाणी शिरलं होतं का?" पंधरा मिनिटं कशी गेली कळलं नाही. तेव्हा उमगलं, की मला 'स्वतःची ओळख करून देणं' जमत नाही, पण प्रश्न विचारणं जमतं. वाचक येतो, त्याला काय हवंय ते दोन-तीन प्रश्नांत काढून घ्यायचं, हे तर माझं रोजचं काम. तेव्हापासून परिषदेला जाताना मी एक खराखुरा प्रश्न घेऊन जाते. तासभर आधी पोचते आणि नोंदणीच्या टेबलावर मदत करू का विचारते. नावाचे बिल्ले वाटायला मिळाले की उभं राहायला जागा मिळते, आणि सगळी नावंही आपोआप कळतात. दीडशेंपैकी तिघांशी नीट बोलले की दिवस भरला. घरी आले की तालिकेच्या जुन्या कोऱ्या कार्डांवर लिहिते : नाव, गाव, त्यांच्याकडे कोणता संग्रह चांगला आहे, त्यांनी मला काय विचारलं. ती कार्डं आता दोन खण भरून आहेत. आपल्यातले २६ जण बहुतेक त्या खणांच्या वाटेनेच सापडले.

ऑनलाइनचं म्हणाल, तर लिंक्डइनवर माझा फोटो म्हणून तीन वर्षं कपाटाचं चित्र होतं, ते भाचीने बदललं. तिथे प्रत्येकाला रोज काहीतरी जाहीर करताना 'अत्यंत आनंद होत असतो'. मला तो उत्साह पेलत नाही. मी रविवारी सकाळी अर्धा तास बसते, कुणी काही विचारलेलं दिसलं आणि मला ठाऊक असलं तर उत्तर देते. नव्या माणसाला विनंती पाठवताना नुसतं बटण दाबत नाही, का लिहितेय ते दोन ओळींत सांगते. ग्रंथपालांच्या व्हॉट्सअॅप गटात सुप्रभाताची फुलं बघायची नाहीत, पण 'अमुक अंक कुणाकडे आहे का' हे चुकवायचं नाही. कुठल्या ग्रंथालयात काय आहे ते आता संगणक सांगतो. पण शनिवारी दुपारी साडेचारला ते कपाटातून काढून स्कॅन करून पाठवायला तिथलं कुणीतरी खुर्चीतून उठावं लागतं, आणि ते ओळखीवर उठतं.

आता पहिल्या रांगेकडे येते.

सर, तुमच्या संग्रहाचं दाखल रजिस्टर ऑफिसात वरच्या मजल्यावर होतं, ते वाचलं. त्यामुळे ३०८ नावं माझ्याकडे आहेत. ग्रंथालयं जादा प्रती, जुनी पुस्तकं अधूनमधून बाद करतात. त्याआधी मला कळवा, असं मी खणातल्या एकेकाला सांगून ठेवलंय. कोल्हापूरहून, नागपूरहून, एकदा बेळगावहून पार्सलं आली. शब्दकोशाचे सात खंड चार ठिकाणांहून जमले, म्हणून त्यांची बांधणी एकसारखी नाही. आजवर १७४ पुस्तकं परत मिळाली. तुमच्या पेन्सिलीच्या नोंदी अर्थातच त्यात नाहीत.

मात्र पूर आला त्या दिवशी नऊ पुस्तकं मुलांनी घरी नेलेली होती. ती कोरडी राहिली. तुमच्या नोंदींसकट ती आज मी बरोबर आणलीत, तिथे त्या टेबलावर ठेवलीत. जेवणाआधी एकदा बघा सर.

आणि मंडळी, उरलेल्या १२५ पुस्तकांच्या यादीच्या झेरॉक्स दाराशी ठेवल्या आहेत. एकेक घेऊन जा. आईवडिलांच्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत काही निघालं तर फोन करा. नंबर यादीच्या खाली लिहिलाय. शनिवारी साडेचारलाही उचलते.