अंगणातले नाटक

अंगणवाडीच्या ताई, बालवाडीच्या शिक्षिका आणि घरात तीन ते सहा वर्षांचे मूल असलेल्या सर्व श्रोत्यांनो, आज मला तुमच्याशी लहान मुलांच्या नाटकाविषयी चार शब्द बोलायचे आहेत. नाटक म्हटले की डोळ्यांपुढे मांडव येतो, पडदा येतो, भाड्याचे पोशाख येतात आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेले पाहुणे येतात. हे सगळे आज घटकाभर बाजूला ठेवू या.

मीही पूर्वी असाच मांडव घालीत असे. एका वर्षी पाच वर्षांच्या एका मुलीला मी परी केले आणि आठ ओळी पाठ करून घेतल्या. महिनाभर ती त्या ओळी घरी, वाटेवर, नळावर म्हणत होती. कार्यक्रमाच्या रात्री मात्र तिने ते दिवे आणि ती माणसे पाहिली आणि तिची वाचाच बसली. मी पडद्याआडून ओळ सांगत होते आणि लोक हसत होते. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हते; पण पाच वर्षांच्या पोरीला ते कसे कळावे? त्यानंतर ती रोज यायची, जागेवर बसायची, खाऊ खायची. पण कित्येक आठवडे तिने वर्गात तोंड उघडले नाही. चूक तिची नव्हती, माझी होती. मोठ्यांची करमणूक व्हावी म्हणून मी तिला उभे केले होते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, या वयात पाठांतराचे नाटक नको. मुलाला नाटक शिकवावे लागत नाही. काठीवर टांग टाकली की घोडा झाला, करवंटीत माती कालवली की भात शिजला. आपण फक्त त्या खेळाला थोडा आकार द्यायचा.

जागा कोणती, म्हणाल तर अंगण. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा या बायांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द गावोगाव पोचला. शाळा जर अंगणात भरू शकते, तर नाटकाला मांडव कशाला हवा?

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते.

सर्वांत सोपे नाटक पावसाचे. मुलांना गोल बसवा. एका बोटाने तळहातावर टकटक करायला सांगा. हे पहिले थेंब. मग दोन बोटे, मग चार, मग टाळ्या, मग मांड्यांवर थापा, आणि शेवटी पायांचा दणदणाट. झाला मुसळधार पाऊस! आता तसेच उलटे या, एका बोटापर्यंत. शेवटी सगळे अगदी गप्प. ज्या ताईंना 'गप्प बसा' म्हणून ओरडावे लागते, त्यांनी हा खेळ जरूर करून पाहावा. शांतता मुले स्वतः आणतात.

हाच पाऊस घेऊन चिमणी-कावळ्याची गोष्ट करता येते. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे, हे सर्वांना ठाऊक आहे. चार मुलांनी हात धरले की घर झाले. कावळ्याचे घर पावसात कोसळते, तेव्हा ती चौघे खाली लोळण घेतात. घर होऊन पडायला किती मुले धडपडतात ते पाहा! गोष्ट तुम्ही सांगा, बोलणे मुलांवर सोडा. चिमणी दार का उघडत नाही, याची कारणे मुलांनाच विचारा. आमच्याकडची एक चिमणी म्हणाली, "थांब, मी मोबाइल चार्जिंगला लावतेय." दुसरी म्हणाली, "आमच्यात आज पाहुणे आलेत." हे संवाद आपल्याला सुचले असते का?

तिसरा खेळ एस.टी.चा. लांब सुती दोरीची टोके बांधून वळसा करा आणि तो मुलांनी कमरेशी हातात धरायचा. दोरी गळ्यात घालू देऊ नका. पुढे ड्रायव्हर, मागे कंडक्टर. पळसाच्या पानांची तिकिटे. प्रत्येक प्रवाशाने आपल्या घराची खूण सांगून उतरायचे: "मारुतीच्या देवळापाशी", "पिठाच्या गिरणीमागे". खेळता खेळता पत्ता सांगायला येतो, आणि मूल चुकलेच तर तोच पत्ता त्याला घरी आणतो.

हे सगळे करताना मुलाची बोली खोडू नका. घरात वारली, अहिराणी किंवा गोंडी बोलणारा कंडक्टर त्याच बोलीत ओरडू द्या. आपली बोली इथे चालते हे कळले की मूल बोलू लागते. मग तुमची पुस्तकी मराठीही ते हळूहळू घेते.

बाहुलीचाही मोठा आधार असतो. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजाचे कलावंत कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ परंपरेने करीत आले आहेत. आपल्याला एवढे कसब नको. जुना पायमोजा हातात घालून दोन डोळे काढले की झाली बाहुली. आडव्या धरलेल्या लुगड्यामागे मूल बसते. लोक बाहुलीकडे पाहतात आणि मूल निर्धास्त बोलते.

आता त्या परीची गोष्ट पुरी करते. एकदा आम्ही नंदीबैलाचा खेळ मांडला. एकाने तेलाचा रिकामा डबा वाजवून गुबूगुबू केले. नंदी कोण होणार? नंदीला बोलायचे नसते, नुसती मान हलवायची असते. म्हणून मी तिला विचारले. ती उठली. अंगावर पातळ गोधडी टाकली, नाक-तोंड मोकळे ठेवले. मुले एकेक प्रश्न विचारू लागली. "पाऊस पडेल का?" मान हलली. "उद्या सुट्टी आहे का?" मान आडवी हलली. मग एक मुलगा म्हणाला, "आमची म्हैस व्यायलीय. तुला खरवस पाहिजे का?" आणि गोधडीतून आवाज आला, "हो!"

सगळी मुले ओरडली, "ताई, नंदी बोलला!" ती बोलली, असे कोणीच म्हटले नाही. मीही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून हजेरी दिली.

म्हणून बायांनो, स्नेहसंमेलन जरूर करा. पण दिवसाउजेडी, अंगणात, दहा मिनिटांचे. आईबाप जमिनीवर गोल बसू देत. पोशाखाचा खर्च कोणाच्या घरावर टाकू नका. कपाळाला पानांची पट्टी पुरे. तोंडाला रंग नको, बक्षीस नको, पहिला-दुसरा नंबर नको. प्रत्येक मुलाला काम द्या आणि ज्याला नुसते बघत बसायचे आहे त्याला बसू द्या. त्याची वेळ येईल.

उद्या शाळेत जाताना घरातली एक जुनी गोधडी तेवढी बरोबर न्या. तुमच्या वर्गातही एखादा न बोलणारा नंदी बसलेला असेल.