एसएमपीएस घेताना आधी भिंतीतला प्लग पाहा

मागच्या भागात ग्राफिक्स कार्डांवर बोललो, आणि त्यानंतर सगळ्यात जास्त मेसेज आले ते एसएमपीएसबद्दल. त्यातला एक रिसोड तालुक्यातून आलाय. हा भाऊ दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री गेम खेळतो. तो म्हणतो, "भाऊ, आरटीएक्स ५०८० घेऊन राह्यलो. जुना साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस हाय. त्याच्यावर भागते काय? दुकानदार म्हणते हजारचाच घ्या."

प्रश्न साधा वाटतो, पण यात त्याची अख्ख्या लग्नसराईची कमाई अडकली आहे. शिवाय त्याच पीसीच्या हार्ड डिस्कवर लोकांच्या लग्नांचं शूटिंग आहे. कार्ड जळालं तर वॉरंटी मागता येते. फुटेज गेलं तर ते लग्न पुन्हा लावता येत नाही. म्हणून आज हा विषय सावकाश घेऊ.

आधी हिशोब. ५०८० कार्डाची कमाल ओढ ३६० वॅट. या भावाकडे रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी आहे. त्याचे १६० धरू, गेममध्ये तो त्याहून बराच कमी घेतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ८०. एकूण झाले ६००. मग साडेसहाशेचा चालेल असं वाटतं ना? तिथंच गोम आहे.

आजकालची मोठी कार्डं एकसारखी वीज ओढत नाहीत. सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यासाठी ती एकदम उसळी घेतात. जुन्या एसएमपीएसला ती उसळी म्हणजे काहीतरी बिघाड वाटतो, आणि तो स्वतःला बंद करून घेतो. गेम ऐन रंगात आला की पीसी धाडकन बंद, तो हाच प्रकार. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात ही उसळी गृहीत धरली आहे: अगदी क्षणभर, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता, एसएमपीएसने दुप्पट भार सोसला पाहिजे. पुढच्या वर्षी ३.१ आलं, त्यात कार्डाचा सोळा पिनांचा कनेक्टर सुधारला. ५०८० साठी कंपनीनेच ८५० वॅट सांगितलंय. तेवढं पुरेसं आहे. हजारचा घेतला तर नुकसान नाही, पण ते जादाचे पैसे दुसरीकडे जास्त कामी येतात. कुठे, ते आता सांगतो.

इंटरनेटवरचे बहुतेक रिव्ह्यू एसी खोलीत, पक्क्या व्होल्टेजवर केलेले असतात. ८० प्लसचा जो गोल्ड-ब्रॉन्झचा शिक्का आपण पाहतो, त्याची चाचणी साधारण २३ अंशांवर होते. आता आपल्या वाशिम जिल्ह्यातला मे महिना आठवा. बाहेर ४२-४३, वर टिनाचं छत, आणि पीसी टेबलाखाली कोंबलेला. म्हणून खोक्यावर वॅट किती हे पाहिल्यावर लगेच दुसरा आकडा पाहा: हे वॅट किती तापमानाला? चांगल्या एसएमपीएसवर ५० अंश लिहिलेलं असतं. काहींवर ४० असतं. काहींवर काहीच नसतं, ते तिथंच ठेवून द्या.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. कागदावर २३० व्होल्ट. पण रब्बीत हरभऱ्याला पाणी सुरू झालं, डीपीवर मोटारी चढल्या, की गावात लाइट डिम होते हे तुम्हाला मी काय सांगायचं. खोक्यावर इनपुट वाचा. एकावर २०० ते २४० लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १०० ते २४०. दिसायला दोन्ही सारखे, वॅटही तेच. पण व्होल्टेज १८० वर आलं की पहिला त्याच्या हद्दीबाहेर गेला, दुसरा काम करत राहतो. थोडा जास्त करंट ओढतो, थोडा जास्त तापतो, एवढंच. आपल्याकडे १०० ते २४० वालाच घ्यायचा. यावर तडजोड नाही.

तिसरी गोष्ट, लाइट जाणं. एसएमपीएसच्या पोटात थोडी वीज साठलेली असते. लाइट गेल्यावर पूर्ण भारावर तो साधारण १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात दुसरीकडून वीज आली पाहिजे. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहा. साध्या मोडवर बदल व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. शिवाय इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा. चौकोनी वेव्हवर आजचे चांगले एसएमपीएस गुणगुणतात, कधी कधी बंदच पडतात.

आणि तो टेबलाखालचा छोटा ६०० व्हीएचा यूपीएस? त्याची खरी ताकद असते ३६० वॅटच्या आसपास. आपला पीसी भिंतीतून ओढणार जवळपास ६७०, वर मॉनिटर. लाइट गेली की तो यूपीएस ओव्हरलोड होऊन पीसीसोबतच झोपणार. इथं १५०० व्हीए, म्हणजे साधारण ९०० वॅटचा साइन वेव्ह यूपीएस लागतो. हजारच्या एसएमपीएसचे जे पैसे वाचले, ते इथं लावा. गेमसाठी नाही, पाच मिनिटांत काम सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यासाठी.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: आर्थिंग. पीसीच्या लोखंडी कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? बरेच जण म्हणतात, एसएमपीएस खराब आहे. तसं नसतं. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो, आणि तो आर्थिंगमधून जमिनीत जावा अशीच त्याची रचना असते. आर्थिंग नसेल तर तो तुमच्या बोटातून जातो. नवा एसएमपीएस लावला तरी झिणझिण्या तशाच राहतील. वायरमनला बोलवा, मीटर लावून पाहायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढं व्होल्टेज, जवळपास तेवढंच फेज आणि आर्थमध्ये दिसलं पाहिजे. न्यूट्रल-आर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. आर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, तिथं पाणी टाका. आणि वायरमन आलाच आहे तर बोर्डात ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. डीपीकडची न्यूट्रल तुटली तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. ते कोणत्याच एसएमपीएसला झेपत नाहीत, आणि साधा एमसीबी त्यासाठी पडत नाही.

आता ब्रॉन्झ की गोल्ड? ६०० वॅटच्या भाराला ब्रॉन्झ साधारण ७०६ ओढेल, गोल्ड ६६७. रोज चार तास गेम धरला तर वर्षाला ५७ युनिटचा फरक. युनिट दहा रुपयांनी धरा, ५७० रुपये. गोल्ड परवडतो, कारण तो तापतोही कमी. प्लॅटिनमसाठी जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. पण लक्षात ठेवा, हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. आतला माल किती टिकाऊ, ते वॉरंटीच्या वर्षांवरून आणि उघडून केलेल्या रिव्ह्यूवरून कळतं. सर्व्हिस कुठे मिळते तेही विचारा, अकोल्याला, नागपूरला की कुरिअरने.

बसवताना तीन गोष्टी. एक, जुन्या एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावायच्या नाहीत. कनेक्टर बसतो, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि पहिली जळते ती हार्ड डिस्क. म्हणजे तेच लग्नाचं शूटिंग. दोन, सोळा पिनांचा कनेक्टर पूर्ण आत बसल्याची खात्री करा, आणि तोंडाजवळ वायर लगेच वाकवू नका. अर्धवट बसलेले कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी २०२२ पासून जगभर आल्या आहेत. तीन, सोयाबीन काढणीच्या दिवसांत खालची जाळी आठवड्याला झटका. धुळीने पंखा गुदमरतो.

तर रिसोडच्या भावा, तुझ्यासाठी उत्तर असं. ८५० वॅट, गोल्ड, एटीएक्स ३.१, इनपुट १०० ते २४०, ५० अंशांचं रेटिंग. सोबत १५०० व्हीएचा यूपीएस. आणि यातलं काहीही घरी यायच्या आधी आर्थिंग. हे सगळं धरून बजेट बाहेर जात असेल तर कार्ड एक पायरी खाली घे. ५०७० टीआय ३०० वॅटचं आहे, त्याला ७५०चा एसएमपीएस पुरतो. गेममध्ये चार फ्रेम कमी दिसतील, पण पीसी चालू राहील. आणि आज रात्रीच ते फुटेज दुसऱ्या एका डिस्कवर कॉपी करून ती डिस्क कपाटात ठेव. त्याला काही वॅट लागत नाहीत.

तुमच्या घरी रात्री आठ वाजता व्होल्टेज किती असतं, ते मोजून गावाच्या नावासकट कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. भेटू मंडळी.